वाट सोडणे आणि वाट देणे

धम्मात नव्याने आलेल्या कुटुंबांतील तरुण एक प्रश्न वारंवार विचारतात. विहारातील वंदना आटोपल्यावर किंवा वर्षावासातील ग्रंथवाचन संपल्यावर कोणीतरी उठतो आणि म्हणतो, ‘आम्ही बाबासाहेबांच्या मागे आलो ते ताठ मानेने चालण्यासाठी. मग रस्त्यात कोणी अडला तर थांबा, दुसऱ्याला आधी जाऊ द्या, कुणाचा भारा उचलून द्या, ही शिकवण आम्हांलाच कशाला? आमच्या आज्या-पणज्यांनी जन्मभर दुसरे काय केले?’ वडीलधाऱ्यांना हा प्रश्न उद्धटपणाचा वाटतो. आम्हांला तसा वाटत नाही. ज्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या वाट सोडली आहे, त्याने ‘वाट द्या’ या शब्दांचा अर्थ विचारून घेणे योग्यच आहे.

पूर्वाश्रमीच्या महार समाजाकडे गावगाड्याने जी कामे लावून दिली होती, त्यांत वाटाड्याचे काम एक होते. सरकारी अंमलदार गावात आला की त्याला पुढच्या गावाच्या शिवेपर्यंत वाट दाखवायची, त्याचे सामान वाहायचे, सांगावा आणि टपाल पोचवायचे. पाऊस असो, मध्यरात्र असो, घरात आजारी मूल असो, नाही म्हणण्याची सोय नव्हती. म्हणजे वाटसरूला मदत करणे हा ज्यांचा जन्माने ठरलेला धंदा होता, ते आपले पूर्वज होते. त्या मदतीबद्दल त्यांचे कोणी आभार मानले नाहीत, कारण ती मदत समजलीच जात नव्हती. ती महारकी होती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध बिल आणले, आणि शेवटी १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली. कागदावरचे वतन गेले, तरी मनातली चीड जायला वेळ लागतो. तरुणाच्या प्रश्नात ती चीड आहे.

आता सायकलकडे येऊ. आपल्या वस्त्यांत सायकल आली ती बहुधा कामाबरोबर आली. खडकी-देहूरोडच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत, नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये पाळीला जाणारा माणूस स्वतःच्या पगारातून जे पहिले वाहन घेई ते सायकलच. तिला डायनामो बसवणे, रविवारी खोबरेल तेलाने रिमा पुसणे, मडगार्डवर नाव रंगवून घेणे, हे सगळे हौसेने होई. पण तीच सायकल घेऊन माणूस सुटीत गावी गेला की अडचण उभी राही. सायकलवर बसलेला माणूस पारावर बसलेल्यांपेक्षा उंच दिसतो. मग चावडीजवळ हाक येई : ‘उतर खाली.’ सायकल हातात धरून, मान खाली घालून, तेवढा टप्पा पायी पार करायचा आणि वस्तीकडे वळल्यावर पुन्हा बसायचे.

ही फार जुनी गोष्ट आहे असे कोणी समजू नये. ग्रामीण भारतातील अस्पृश्यतेवर ११ राज्यांतील ५६५ खेड्यांची पाहणी करून २००६ साली एक ग्रंथ प्रसिद्ध झाला. सार्वजनिक रस्त्यावर सायकल चालवू न देण्याची चाल काही खेड्यांत उरली असल्याचे त्यात नोंदलेले आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. त्या दुरुस्तीत अनुसूचित जातीच्या माणसाला सार्वजनिक ठिकाणी सायकल किंवा मोटारसायकल चालवण्यास, पायात वहाणा किंवा अंगावर नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास अडवणे हा गुन्हा म्हणून स्पष्ट शब्दांत लिहावा लागला. देशाच्या संसदेला कायद्यात ‘सायकल’ हा शब्द घालावा लागतो, यावरून रोग किती खोल आहे ते कळते. (१९९० च्या दुरुस्तीमुळे बौद्धांनाही अनुसूचित जातीचे संरक्षण लागू आहे, हे नव्याने दीक्षा घेतलेल्यांनी ध्यानात ठेवावे. धर्मांतराने हे संरक्षण जाते अशी भीती घालणारे लोक अजून भेटतात.)

तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट असू द्या. कोणी ‘उतर’ म्हणाला म्हणून बौद्धाने सायकलवरून उतरायचे नाही. तेथे नम्रता नाही, मैत्री नाही, क्षांतीही नाही. तेथे उतरणे म्हणजे दुसऱ्याच्या अधर्माला हातभार लावणे होय.

पण येथेच विचार संपत नाही. कारण गावगाड्याने आपल्याकडून मदत सक्तीने घेतली तशी आपल्याला मदत नाकारलीही आहे, आणि ही दुसरी बाजू बाबासाहेबांनी स्वतःच्या अंगावर सोसली. १९०१ साली ते आपला भाऊ आणि भाचे यांच्याबरोबर वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. मुलांचे कपडे चांगले होते, म्हणून स्टेशनमास्तर आपुलकीने जवळ आला. ही मुले कोण, कुठली, त्याने विचारले. जात कळताच तो चार पावले मागे सरला. बैलगाडीवाले तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालणार, या अटीवर. रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही.

१९२९ साली बाबासाहेब बॅरिस्टर झालेले होते, सरकारी समितीचे सभासद होते. चाळीसगाव स्टेशनवर वस्तीतील लोक त्यांना न्यायला आले, तेव्हा एकही टांगेवाला अस्पृश्याला टांग्यात बसवून हाकायला तयार होईना. आपल्या माणसाला पायी न्यायचे नाही म्हणून लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि ज्याला हाकता येत नव्हते अशा वस्तीतल्याच एकाला पुढे बसवले. पुलावर चाक अडकले. बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला, आणि घोडा टांग्यासकट नदीत गेला. टांगेवाला हा काही मोठा माणूस नव्हता. बॅरिस्टरपेक्षाही आपण वरचे, एवढे समजण्याची मुभा जातीने त्याला दिलेली होती. त्याच्या एका नकारामुळे रस्त्यावर माणूस मरता मरता वाचला.

या दोन प्रसंगांत सारखे काय आहे ते पाहावे. स्टेशनमास्तर निर्दय नव्हता, तो तर आपणहून जवळ आला होता. टांगेवाल्याचा धंदाच लोकांना पोचवण्याचा होता. मदत करण्याची बुद्धी दोघांनाही होती. पण मदतीच्या आधी एक प्रश्न होता : ‘कोण तुम्ही?’ लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी १९३६ साली लिहिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी हाच निदानाचा धागा पकडला आहे. जातीमुळे सार्वजनिक वृत्ती मेली, माणसाची जबाबदारी त्याच्या जातीपुरती उरली, सद्‌गुणसुद्धा जातीत कोंडले गेले, असे ते सांगतात. हिंदू माणूस स्वभावतः दुष्ट आहे असे ते म्हणत नाहीत. त्याची सहानुभूती जातीच्या कुंपणाबाहेर जात नाही, असे ते म्हणतात. मंडळाने परिषदच रद्द केली आणि ते भाषण झाले नाही, हेही त्या निदानाला धरूनच झाले.

म्हणून तरुणाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना वाट सोडणे आणि वाट देणे यांतला भेद नीट समजून घ्यावा लागतो. समजा, एका अरुंद फरशीवरून दोन माणसे सायकलवर चालली आहेत. पहिल्याला कोणी दरडावले म्हणून तो उतरतो. दुसऱ्याला समोरून डोक्यावर सरपणाचा भारा घेतलेली म्हातारी येताना दिसते, तिला बाजूला होता येत नाही, म्हणून तो उतरतो आणि सायकल कडेला घेतो. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही कृती सारख्याच दिसतील : माणूस उतरला, बाजूला झाला, दुसरे कोणी पुढे गेले. अंगुत्तर निकायात भगवंतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. पहिल्याच्या उतरण्यात त्याची स्वतःची चेतना नाहीच, तेथे दुसऱ्याची सत्ता काम करते. तो भीतीने उतरतो, आणि वर बसलेल्यासाठीच उतरतो. त्याच रस्त्यावर त्याच्यापेक्षा दुबळा कोणी आला तर कदाचित तोच घंटी वाजवून त्याला बाजूला हटवील. जोहार घालणाऱ्याला जोहार घेण्याची भूक लागते, हे आपण आपल्या समाजातही पाहिले आहे. दुसऱ्याच्या उतरण्यात भीती नाही. म्हातारीने त्याला सांगितलेले नाही, ती त्याचे काही करू शकत नाही, आणि ती कोणत्या जातीची हे त्याला ठाऊक नाही. तो न उतरता तरी चालले असते. ‘न केले तरी चालले असते’ या मोकळीकीतूनच दान जन्मते. गुलामाला दान करता येत नाही, कारण त्याचे स्वतःचे काही नसते. आपले आजे-पणजे वाटसरूंना मदत करीत होते, पण ती देण्याचा अधिकार त्यांच्याजवळ नव्हता. तो आज आपल्याजवळ आहे. वतन मोडल्यामुळे मदत करण्याची बंदी झाली नाही, मदत आपली झाली.

यावर तरुण म्हणतो, ‘ठीक. पण ज्याने आमच्यासाठी काही केले नाही त्याच्यासाठी आम्ही का थांबावे?’ हा प्रश्न नवा नाही. विनयपिटकातील महावग्गात एक हकीकत आहे, ती बाबासाहेबांनी आपल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातही घेतली आहे. एक भिक्खू अतिसाराने आजारी होता आणि स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. भगवान आनंदासह तेथे आले. त्यांनी पाणी मागवले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. मग त्यांनी भिक्खूंना विचारले, याची शुश्रूषा कोणी का केली नाही? उत्तर आले की, हा भिक्खू इतरांच्या काही उपयोगी पडत नाही. म्हणजे हिशेब होता : तू आमचे करीत नाहीस, आम्ही तुझे करीत नाही. भगवंतांनी तो हिशेब मान्य केला नाही. तुम्हांला येथे आईबाप नाहीत, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार, असे त्यांनी बजावले, आणि ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी असे सांगितले. रस्त्यावरचा माणूसही त्या वेळेपुरता बिनआईबापाचाच असतो. त्याचे घर, नातलग, गाव, सगळे दूर असते. जो कोणी शेजारून जात असेल तोच त्याचा.

आणखी अवघड प्रसंग घ्या. ज्याने काल पाणवठ्यावर शिवी दिली, त्याचीच मोटारसायकल आज वस्तीजवळच्या वळणावर घसरली आहे आणि तो रक्तबंबाळ पडला आहे. काय करावे? आमचे मत असे की, आधी त्याला उचलावे, पाणी द्यावे, दवाखान्यात न्यावे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ज्यांनी ओंजळीत घेतले, त्यांच्या वारसांना कुणालाही पाणी नाकारण्याचा हक्क उरलेला नाही. पण शिवीची फिर्याद दिली असेल तर ती मागे घेऊ नये. मदत केली म्हणून हक्क सोडण्याचे कारण नाही, आणि तो बरा होऊन ‘झाले गेले विसरा’ म्हणत आला तर त्याला विहारात बसवून चहा पाजावा व कज्जा कोर्टात चालू ठेवावा. काही धम्मबांधवांना हे दुटप्पी वाटेल. आम्हांला वाटत नाही. करुणा जखमेवर होते, अन्यायाशी तिला तडजोड करावी लागत नाही.

आता आपल्याच अंगणात पाहू. पूर्वाश्रमीचा महार बौद्ध झाला, त्याच्या विहारासमोर मातंग वस्तीतल्या माणसाच्या सायकलची चेन तुटली, पारधी कुटुंबाचे पोर पंक्चर झालेली सायकल ढकलत चालले, सफाईच्या कामावरून परतणारी बाई कडेला बसली. अशा वेळी विहाराच्या ओट्यावर बसलेले आपले लोक उठतात का? की नजर वळवून ‘आपल्यातला नाही’ म्हणतात? काही ठिकाणी उठतात, आणि तेथे धम्म पोचला आहे. काही ठिकाणी उठत नाहीत, आणि तेथे फक्त नाव बदलले आहे. आज मातंग समाजातून, भटक्या-विमुक्तांतून कितीतरी कुटुंबे दीक्षाभूमीवर येऊन दीक्षा घेत आहेत. आपण त्यांना ‘कोण तुम्ही?’ विचारून चार पावले मागे सरलो, तर मसूरच्या स्टेशनमास्तरात आणि आपल्यात फरक तो काय? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत सर्व प्राणिमात्रांविषयी दयाभाव बाळगण्याची प्रतिज्ञा आहे. प्राणिमात्र म्हटल्यावर पोटजात कोठे उरते?

रस्ता हा धम्माच्या दृष्टीने किरकोळ विषय नाही, हेही सांगितले पाहिजे. जातककथांत मघ नावाच्या तरुणाची कथा आहे. तो गावातल्या तीसेक जणांना घेऊन रस्त्यावरचे खाचखळगे बुजवी, गाड्यांचे आस अडतील अशी झाडे काढी, पूल बांधी, वाटसरूंसाठी धर्मशाळा उभारी. पुढे तो शक्र झाला वगैरे जो भाग आहे, तो ज्याला घ्यायचा त्याने घ्यावा. आम्हांला त्यातले फावडे महत्त्वाचे वाटते. संयुत्त निकायात बागा लावणारे, पूल बांधणारे, पाणपोई आणि आसरा देणारे यांचे पुण्य रात्रंदिवस वाढते असे सांगितले आहे. सम्राट अशोकाने आपल्या शिलालेखांत आणि दिल्ली-टोपरा येथील स्तंभलेखात रस्त्यांच्या कडेला वड लावल्याचे, आमराया केल्याचे, विहिरी खोदल्याचे, माणसांना आणि जनावरांना सावली व पाणी मिळावे म्हणून हे केल्याचे मुद्दाम कोरून ठेवले आहे. कोणत्या वर्णाने सावलीत बसावे हे कोरलेले नाही.

रोजच्या व्यवहारात हे कसे उतरते? सिगालोवाद सुत्तात माणसे जोडण्याची चार साधने सांगितली आहेत : दान, प्रिय वाणी, दुसऱ्याच्या हिताचे आचरण आणि समानत्तता, म्हणजे समोरच्याला आपल्याबरोबरीचा मानून वागणे. सकाळी कामावर सायकलने जाणाऱ्या गवंडीकाम करणाऱ्याला, वॉचमनला, दूधवाल्याला या चारही गोष्टी शक्य आहेत, आणि त्यांना पैसा लागत नाही. चेन पडलेल्याजवळ क्षणभर थांबून ‘काय झाले?’ विचारावे. सोल्यूशनची ट्यूब आणि ठिगळाचा तुकडा सीटखालच्या पिशवीत असला तर तो द्यावा. चढावर हातगाडीवाला अडला असेल तर सायकल स्टॅण्डवर लावून मागून धक्का द्यावा. एक हात लागला तरी गाडी हलते. घंटी वाजवायची ती सावध करण्यासाठी, हटवण्यासाठी नव्हे. वेगळेपण लगेच कानाला कळते. आणि मदत करताना समानत्तता विसरू नये. पंक्चर काढून देणाऱ्याने ‘बघा, आम्ही बौद्ध आहोत म्हणून थांबलो’ असे ऐकवले, की समोरच्यावर उपकाराचे ओझे बसते आणि आपण नवे पाटील होतो.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे लिहिणे भाग आहे. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून खेड्यापाड्यांतील शाळकरी मुलींना सायकली मिळाल्या आणि आठवी-नववीत शाळा सोडणाऱ्या कितीतरी मुली शिकू लागल्या. या मुली ज्या रस्त्याने जातात त्या रस्त्याच्या कडेला आपलीही पोरे उभी असतात. सावित्रीबाई फुले पुण्यात शाळेत शिकवायला जात, तेव्हा वाटेवरचे लोक त्यांच्यावर चिखल आणि शेण फेकीत. शेण फेकणे आणि मुलीच्या सायकलीपुढे मोटारसायकल आडवी घालून हसणे, यांत जातकुळी एकच आहे. आपल्या पोराने असे केले तर ‘वय आहे’ म्हणून सोडू नये. त्याला विहारात सर्वांसमोर विचारावे.

अपघाताच्या वेळी लोक थांबत नाहीत, त्याचे एक कारण पोलिसांची भीती आहे, आणि आपल्या वस्तीतल्या माणसाला ती भीती अधिक असते. ती उगीच नाही. म्हणून कायदा माहीत असावा. रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठीची मार्गदर्शक तत्त्वे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आले. सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर त्या मदतीबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही, दवाखान्याला त्याच्याकडून पैसे मागून त्याला अडकवून ठेवता येत नाही. हे कलम मोठ्या अक्षरांत लिहून विहाराच्या फळ्यावर लावावे आणि पौर्णिमेच्या सभेत एकदा वाचून दाखवावे.

ज्यांचे विहार रस्त्याकाठी आहेत त्यांनी दारात पाण्याचा माठ ठेवावाच. पण एक हवेचा पंप आणि पट्ट्या-मलमाची पेटीही ठेवावी. पाणी पिणाऱ्याला, हवा भरणाऱ्याला नाव विचारू नये. पंप साखळीने खांबाला बांधावा, तरीही तो एखादे वेळी चोरीला जाईल. दानपेटीतून दुसरा आणावा.